कंदीलवाला दारात बसला

"अहो, त्याला विचारा, चहा घेणार का," ताई म्हणाली.

धाकटा तिच्यासमोरच बसला होता, अगदी हातभर अंतरावर. भावोजींनी मान वळवून विचारलं. घेईन म्हणून सांगा, असं धाकट्याने भावोजींना सांगितलं. निरोप पोचला. चहा आला, तोही भावोजींच्याच हातून.

ताईने अबोला धरला होता आणि तो वाजवी आहे, हे धाकट्यालाही मान्य होतं. 'कंदीलवाला' या व्हिडिओ गेमचा शेवटचा भाग त्याने एकट्याने खेळून संपवला होता. लहानपणी घरात रिमोट एकच. त्यावरून झिंज्या ओढण्यापर्यंत मजल गेली, तेव्हा आईने निकाल दिला, निम्मा निम्मा. डावी बाजू ताईची, म्हणजे चालणं आणि वळणं. उजवी धाकट्याची, म्हणजे उडी आणि तलवार. गुडघ्याला गुडघा लावून, एकच रिमोट दोघांनी धरून त्यांनी मालिकेचा एकेक भाग पार केला. ताई चष्म्याच्या दुकानात लागली, धाकटा लिफ्ट दुरुस्त करायला लागला, ताईचं लग्न झालं, तरी नवा भाग आला की रिमोट निम्मा निम्मा. कुणाला हसायचं तर हसू दे.

आणि शेवटचा भाग या पठ्ठ्याने एकट्याने उरकला. बरं, त्यात सुख लागलं म्हणावं तर तेही नाही. चालवायची सवय नसल्यामुळे त्याचा कंदीलवाला निम्मा वेळ भिंतींवर आपटत होता. वर शेवट असा, की डोकंच फिरावं.

आईच्या विझलेल्या चुलीसाठी विस्तव आणायला निघालेला हा माणूस. भुतं मारली, राक्षस मारले, डोंगर पालथे घातले आणि पेटता कंदील घेऊन अखेर घरी पोचला. दार बंद. तो पायरीवर बसला. बसला तो बसलाच. कुठलंही बटण दाबा, तो उठायचा, कंदील पायरीवर ठेवायचा आणि आल्या पावली जंगलाकडे चालू पडायचा. झालं, संपलं.

चाहत्यांनी जगभर बोंब ठोकली. एवढी वर्षं घरी निघालेला माणूस दारातून परत फिरतो म्हणजे काय, थट्टा आहे का? धाकट्यानेही कंपनीला खरमरीत लिहिलं. एकदा तर लिफ्टमध्ये अडकलेल्या एका काकांना, त्यांची सुटका होईपर्यंत, दाराच्या फटीतून सगळी तक्रार ऐकवली. काका बिचारे जाणार कुठे?

पण खरं दुखणं तो कुणाजवळ बोलला नव्हता. मालिका संपली. आता ताईकडे जायला निमित्त कुठलं? त्यात ताई बोलेना. म्हणून तर गेमचं यंत्र पिशवीत घालून तो भर दुपारी तिच्या घरी येऊन थडकला होता.

शेवटी भावोजीच वैतागले. मला काय टपाल खात्यात ठेवलंय का, म्हणाले. काय तो शेवट एकदा दोघं मिळून बघा आणि मला मोकळं करा. त्यांनीच तारा जोडायला लावल्या.

डावीकडे ताई बसली, उजवीकडे धाकटा. मध्ये रिमोट. दोघांत एक शब्द नाही, पण अंगठ्यांचं काही भांडण नव्हतं. ताई वळवत होती, धाकटा वार करत होता. कंदीलवाला एकदाही भिंतीवर आपटला नाही. धाकट्याला एकदम भरून आलं. त्याने गार झालेला चहा घाईघाईने पिऊन टाकला.

कंदीलवाला घरी पोचला आणि पायरीवर बसला. रिमोट टीपॉयवर ठेवला गेला आणि दोघांनी हात आखडून घेतले. उठून जाणं म्हणजे चालणं, म्हणजे ते ताईचं काम, असं धाकट्याचं म्हणणं. शेवट याने आधी पाहिलाय ना, मग यानेच दाबावं, असं ताईचं. म्हणणं दोघांच्याही मनातच राहिलं.

"अहो, त्याला सांगा," ताई म्हणाली, "गेम आल्यापासून मी त्याच्या फोनची वाट बघत होते."

भावोजी धाकट्याकडे वळले.

"भावोजी, तिला सांगा, मीही तिच्याच फोनची बघत होतो. मला वाटलं, ती करेल. नाही आला, तेव्हा वाटलं, तिला आता हा पोरखेळ वाटत असेल."

भावोजींनी इमानेइतबारे सगळं पोचवलं. ताई रिकामा कप हातात फिरवत राहिली. धाकटा सतरंजीचा सुटलेला दोरा बोटाला गुंडाळत बसला. बराच वेळ असाच गेला.

टीव्हीतून करकर आवाज आला.

दोघांनी एकदम वर पाहिलं. पायरीमागचं बंद दार उघडत होतं. आतून कंदीलवाल्याची म्हातारी आई आली, त्याच्या शेजारी टेकली आणि म्हणाली, दमला असशील, बस जरा, मला काही घाई नाही. थोड्या वेळाने दोघं उठून आत गेली. खिडकीत उजेड पडला.

हा शेवट धाकट्याने पाहिला नव्हता. पाहिल्याचं कुणाकडून ऐकलंही नव्हतं. कारण कंदीलवाला बसला रे बसला, की जो तो बटणं बडवत सुटायचा, आणि कुणाला उठायचंच झालं तर तो खेळ थांबवून मगच उठायचा. नुसतं बसून राहायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

धाकटा टीपॉयवरच्या रिमोटकडे बघत राहिला.

"ताई, तू बटण दाबलंच नाहीस?"

"मला वाटलं, तू दाबशील," ताई म्हणाली.

भावोजी सवयीने धाकट्याकडे वळले, आणि वळल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की या खेपेला पोचवायला काहीच नव्हतं.