शिडी धरणारी

त्या मंगळवारीही नगरच्या जुन्या बाजारपेठेतल्या दगडी वाचनालयाबाहेर प्रज्ञा शिडी धरून उभी होती. वर तिचे वडील आबा, म्हणजे सहादू गवंडी, फुटकी कौलं बदलून भिंतीच्या माथ्याला चुना भरत होते.

"पुस्तकात डोकं घातलंस का?" वरून आवाज आला. "धर नीट, न्हाईतर मीच यीन खाली पानं उलटायला!"

तिने पुस्तक मिटलं. एम.ए. झाल्यापासून तिचे दिवस असेच शिडीच्या पायथ्याशी चालले होते. दुसऱ्या कुणाच्या हातावर आबांचा भरवसा नव्हता. पुण्याहून नोकरीचं बोलावणं दोनदा आलं, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "जा की. पर शिडी कोन धरील?" दोन्ही वेळा ती राहिली आणि मनातल्या मनात चरफडली.

बुधवारी सकाळी आबा झोपेतून उठलेच नाहीत.

आबांसाठी पुण्यानुमोदनाचा विधी झाल्यावर, वाचनालयाच्या छपरावर राहिलेली त्यांची थापी आणायला ती गेली. धरायला कुणी नव्हतं, तरी जीव मुठीत घेऊन आयुष्यात पहिल्यांदा शिडी चढली. शिडी जराही हलली नाही.

कौलांच्या आड, खालून दिसणार नाही अशा जागी, आबांनी ती छपराच्या वाशाला दोरीने पक्की बांधलेली होती. प्रत्येक कामावर अशीच बांधल्याने शिडीच्या वरच्या पायरीला वर्षानुवर्षांची खोल खाच पडली होती.

प्रज्ञाने खाचेवरून बोट फिरवलं आणि ती मोठ्याने म्हणाली,



"आबा, नुसतं 'थांब' म्हणाला असतात, तरी थांबले असते मी."