वैद्य कोण होणार?

“मेलो परत सगळे!” ताईने कंट्रोलर सोफ्यावर आपटला. “वैद्य घ्या, वैद्य घ्या म्हणून घसा कोरडा पडला माझा. जखमा कोण बांधणार, शेजारी?”

टीव्हीवर पहिल्याच गुहेच्या तोंडाशी टोळी आडवी पडली होती. तिघा भावंडांचे तीन योद्धे आणि चौथ्या जागी दादाच्या हट्टापायी घेतलेला एक चोर. खेळ लहानपणचा, कपाटात सापडलेला; कंट्रोलर एकच, आळीपाळीने फिरवायचा. टोळीत चौघे लागतात आणि त्यातला एक वैद्य नसेल तर गुहा ओलांडता येत नाही, हे तिघांनाही चांगलं ठाऊक होतं.

खरं तर तिघं बाबांच्या घरी जमली होती ती त्यांचं पुढे काय करायचं ते ठरवायला. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांचा उजवा हात चालत नव्हता. आता त्यांना एकटं ठेवायची सोय राहिली नव्हती. मग न्यायचं कुणाकडे? सकाळपासून तेच दळण चाललं होतं. दादाचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. धाकटा आणि त्याची बायको दोघंही दिवस-रात्रपाळीत कामाला. ताईची नोकरी फिरतीची. सबबी सगळ्या खऱ्या होत्या, म्हणून तर जास्त चीड येत होती. जेवणानंतर कुणी कुणाशी बोलेना, तेव्हा धाकट्याने हा खेळ जोडला.

“वैद्याला मारता येत नाही,” दादा म्हणाला. “मागे राहून नुसती मलमपट्टी. कोण घेणार?”

“तू घे की,” धाकटा म्हणाला.

“मीच का? थोरला म्हणून?”

ताईने कपाळावर हात मारून घेतला. सकाळचंच भांडण, फक्त आता तलवारी घेऊन. “लहानपणी आपण हा खेळ जिंकायचो तरी कसे रे?”

“बाबा असायचे ना,” धाकटा म्हणाला. “त्यांना वैद्यच आवडायचा.”

ते खरंच होतं. कामावरून आले की बाबा कपडे न बदलता जमिनीवर बसायचे आणि मुकाट्याने चौथी जागा भरायचे.

बाबा दारातच उभे होते, चौकट धरून. कधीपासून, कोण जाणे.

“या बाबा, हा घ्या तुमचा वैद्य!” धाकट्याने सुटलो बुवा म्हणत कंट्रोलर पुढे केला.

बाबा सावकाश बसले. कंट्रोलर मांडीवर ठेवून डाव्या अंगठ्याने बटण दाबू लागले. पडद्यावरच्या यादीत वैद्य आला, गेला. मांत्रिक गेला. निवडीचा बाण योद्ध्यावर थांबला.

“अहो बाबा, काय हे?” ताई वैतागली. “तुम्हाला वैद्य आवडतो ना?”

“आवडतो कुठला?” बाबा म्हणाले. “तुम्ही कुणी घेत नव्हता.”

दादा पायाकडे बघत बसला. धाकट्याने टीव्हीचा आवाज उगाचच कमी केला. ताईने कंट्रोलर घेतला, आपला योद्धा काढून टाकला आणि त्या जागी वैद्य घेतला.

“बाबांची बॅग माझ्या गाडीत ठेवा,” ती भावांवर खेकसली. “फिरतीचं काय ते मी ऑफिसात बोलते.”

मग तिने कंट्रोलर परत बाबांच्या मांडीवर ठेवला. “हं, व्हा पुढे. मागे मी आहे.”