यंदाची विहीर

राळेगावच्या बाजारातला पंचायतीच्या रेडिओचा भोंगा तांड्यावरचा उत्तमसिंग सांभाळायचा. पुढारी पुंडलिकरावांनी त्याला फर्मावलं, "गाण्याइच्या मधात मायं भाषण लावत जाय. लोकं उठून जात नाहीत." उत्तमसिंगनं टेप कापली, चिकटवली. चार सालांच्या भाषणांत दरवर्षी आलेलं एकच वाक्य दर गाण्यामागं ठेवलं, "यंदा तांड्याची विहीर पुरी करतो!" त्याच अर्धवट विहिरीत त्याची बायको गंगी बुडून मेली होती.

महिन्याभरानं सभेत पुंडलिकराव नुसतं "यंदा" म्हणाले, अन् अख्खा बाजार ओरडला, "तांड्याची विहीर पुरी करतो! आता गाणं लावा, साहेब!" सभा मोडली.

पुंडलिकरावांनी उत्तमसिंगची गचांडी धरली. "काहून दावा धरला बे?"

"गंगी विहिरीतून हाका मारत होती, साहेब. तवा मी तुमचं भाषण टेप करून राह्यलो होतो."