मूठभर चणे

"कार्मिन बाय, चणे घोडीच्या भुकेला नसतात गो, उद्याच्या कामाला असतात. काम नसताना देशील, तर पाय सुजवून घेईल बिचारी."

सासरे इनास जाऊन कितीतरी वर्षं झाली. पण घमेलं पुढ्यात ओढलं की त्यांचा आवाज अजून कार्मिनच्या कानाशी येऊन बसे. भुईगावच्या वाडीत ऊन कलत होतं. तिने सुकं गवत बारीक कापलं, गव्हाचा कोंडा ओला करून त्यात कालवला, वर मीठ, बोटभर गूळ. शेवंती घोडीने मान पुढे केली.

"चणे टाकलेस काय गे?" फ्रेडरिकने ओटीवरून विचारलं.

"टाकले."

नवरा रोज विचारी, ती रोज खोटं सांगे. ईस्टरच्या तोंडावर त्याला अर्धांगाचा झटका आला. वाचा परतली, पाय चालू लागले, डावा हात तेवढा मागे राहिला. तरी "पुढच्या आठवड्यात बग्गी काढतो" हे पालुपद सुटेना. गावच्या कितीक नवऱ्या त्याच्या बग्गीतून देवळात, चर्चच्या दारी, गेल्या होत्या. आता बग्गी विसर, असं त्याला कुठल्या तोंडानं सांगायचं? म्हणून भिजवलेले चणे गुपचूप चुलीवर चढत. शेवंती हलकं खाई. सकाळी कार्मिन तिला दोरीने धरून समुद्रावर फिरवी. जिभेने टक् केलं की घोडी वळे.

"आज पण चण्याची उसळ?" फ्रेडरिक जेवताना म्हणे. "मलाच जुंपायचा विचार आहे काय?"

ती पाव पुढे सरकवी.

आज मात्र तो काठी टेकत तबेल्यात आला. स्टुलावर बसला, उजव्या हाताने घमेलं सारखं केलं, नाकाशी नेऊन कोंडा हुंगला. मग त्याने चण्यांच्या टोपात हात घातला.

कार्मिनने त्याचं मनगट धरलं. "नको! उभ्या घोडीला चणे? पाय सुजतील तिचे!"

बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

फ्रेडरिक गालात हसला. "अगो, उसळ मीच खातो ना रोज? मला ठाऊक नाही होय?" त्याने मनगट सोडवलं. मूठभर चणे घमेल्यात पडले, जास्त नाही. "उद्या उभी नाही राहायची ती. बग्गी जुंपू. देवळापर्यंत नि परत, बस."

"आणि हाकणार कोण?"

शेवंती चणे फोडू लागली. फ्रेडरिकने आपला डावा हात उजव्याने उचलला आणि कार्मिनच्या ओंजळीत ठेवला.

"तू. तुझ्या आवाजाला वळते ती, खिडकीतून बघतो मी. ह्या हाताला लगाम कळत नाही, कार्मिन. ईस्टरपासून कळत नाही."