एस्तेर सिस्टरचा हात

नर्सिंगच्या प्रवेशाआधी रूथचं रक्त तपासायचं होतं. काउंटरवरच्या तरुण सिस्टरने डाव्या हातात सुई धरली, रूथच्या शिरेवर दोनदा टिचकी मारली आणि टोचून झाल्यावर हलकेच फुंकर घातली. रूथने शेजारी बसलेल्या आईकडे पाहिलं. ती फुंकर आईचीच होती. तिच्या आईचं, चाळीस वर्षं वॉर्डात काढलेल्या एस्तेर सिस्टरचं, कसब आता राज्यातल्या प्रत्येक नव्या नर्सच्या मेंदूत रोपण करून उतरवलेलं असे. उजव्या हाताने जेवणाऱ्या पोरीसुद्धा सुई मात्र तिच्यासारखी डाव्या हातात धरायच्या.

“रोपण ना? उद्या संध्याकाळी नर्स होऊनच घरी जाशील,” सिस्टर म्हणाली. “तुझं तर घरचंच आहे.”

“नाही. चार वर्षांचा कोर्स.”

“अगं, तिकडे हल्ली कुणी फिरकत नाही! शिकताना दहादा चुकशील. आमचा हात कधीच चुकत नाही.”

“आईचा चुकायचा. पहिलं वर्ष तिने रडून काढलं. फुंकर घालायचं तिला तेव्हाच सुचलं.” रूथने फॉर्म पुढे सरकवला. “मला काय सुचतंय, ते बघायचंय.”

परतताना आई दोन पावलं पुढेच चालत होती. आपलाच हात लेकीने नाकारला, हे तिला लागलं असणार, असं रूथला वाटलं.

घरी पोचताच आईने कपाटातला सुया-सिरिंजचा जुना ट्रे काढला, बाही वर सारली आणि दंड रूथपुढे केला.

“सुई डाव्या हातात नको,” ती म्हणाली. “तुझा उजवा चालव. चुकलीस तर दुसरा दंड आहेच.”