कमरपट्टा

मोरोक्कोतल्या मिदेल्त गावच्या थंडीत मागावर बसून बसून इट्टोची कंबर धरायची, म्हणून तिच्या नवऱ्याने, मोहाने, लोकरीच्या कमरपट्ट्यात हीटरची बारीक तार फिरवून तिला दिली होती. खिशात मावेल एवढी बॅटरी, ती पेटू नये म्हणून फ्यूज. बॅटरीला जपायची सगळी तजवीज त्याने केली होती. महिनाभर पट्ट्याने मांडीवरच्या मांजरासारखी ऊब दिली.

आज दवाखान्यात तिच्या भाजलेल्या पाठीला मलमपट्टी करून दोघे घरी आले. मोहाने जळका पट्टा उसवला आणि तो दचकलाच.

"अगं, अर्धी तार गेली कुठे?"

"मीच कापली. मधला तुकडा काढून टोकांना विणकराची गाठ मारली. बॅटरी दुपारीच मान टाकायची. म्हटलं, तार कमी केली तर तिच्यावरचा भार कमी होईल."

"उलटं असतं गं! तार जेवढी आखूड, तेवढी जास्त तापते. एवढी साधी गोष्ट! कापण्याआधी एका शब्दाने विचारायचंस तरी."

इट्टो पालथी पडली होती. उशीतून तिचा आवाज आला, रागाचा मागमूस नसलेला.

"विचारलं होतं की. तुम्ही मित्रांना पट्टा उलगडून दाखवत होतात ना, तेव्हाच विचारलं, तार आखूड केली तर काय होईल? तुम्ही म्हणालात, 'तू आपली चहात पुदिना घाल.' सगळे हसले. मग मीही हसले."