इस्लापूरकडची हाक

बैल तिसऱ्या दिवशीही उठला नाही. औशाच्या चारा छावणीत गौरम्मा त्याच्या डोक्याशी बसून होती. ढोरांच्या डॉक्टरनं सुई टोचली होती आणि जाताना सांगितलं होतं, "आजार काही नाही. पण असाच बसून राहिला, तर जाईल."

छावणीत पाणी पाजायला मडिवाळप्पा होता. सत्तरीचा, निलंग्याकडचा. कुठल्याही गावचं जनावर असो, त्याच्या मालकाच्या बोलीत हाक मारून तो त्याला हौदावर न्यायचा. त्यानं बैलाच्या कानाशी तोंड नेलं.

"हुर्रर्र! ऊठ राजा."

कान हलला नाही.

"एळप्पा, एळु." कानडीलाही दाद नाही. मग तेलुगूत, "लेवरा, ले, ले." मग मुसलमान गाडीवानांसारखं, "उठ जा रे, उठ जा." बैलानं डोळासुद्धा फिरवला नाही.

"कुठला हाय ह्यो?"

"माळेगावच्या जत्रंत घेतला, अप्पा. इकणारा किनवटकडला होता, इस्लापूरचा."

"तिकडची हाक येत न्हाई मला," मडिवाळप्पा म्हणाला आणि डोक्याला पटका गुंडाळत भर उन्हात चालता झाला. यानंही हात टेकले, असं गौरम्माला वाटलं. तिनं बैलाच्या तोंडावरच्या माशा हाकलल्या.

चार तासांनी तो परतला तो एका म्हातारीला घेऊन. लातूर नवा जिल्हा झाला तसा रस्ता रुंद व्हायला लागला होता, आणि दुष्काळानं गावोगावची माणसं त्या कामावर आणली होती. खडी फोडणाऱ्या टोळ्यांत 'इस्लापूरचं कुनी हाय का' असं विचारत तो तीन मैल गेला होता. शेवटच्या टोळीत पंचफुलाबाई भेटली.

तिनं कुणाकडं पाहिलं नाही. बैलाच्या वशिंडावर हात ठेवला, टाळूला जीभ लावून दोनदा टकटक केली आणि नाकातून एक लांब सूर काढला. त्यात शब्द असा नव्हताच.

बैलाचे दोन्ही कान वळले.

तिनं पुन्हा सूर काढला. बैलानं मागचे पाय झाडले, धडपडत गुडघ्यांवर आला आणि थरथरत उभा राहिला.

"अय्यो शिवा!" गौरम्माच्या तोंडून निघालं. तिनं म्हातारीचे पायच धरले.

"सोडा बाई, मुकादम बोंबलून राहिला आसंल," म्हणत पंचफुलाबाई निघाली. तेवढ्यात मडिवाळप्पा आडवा आला. पन्नास वर्षं जनावरांत काढलेला माणूस; त्यानं पटका काढून हातात घेतला, डोळे मिटले, जीभ टाळूला लावली आणि नाकातून सूर काढला.

बैलानं ढुंकूनही पाहिलं नाही. पंचफुलाबाई तोंडाला पदर लावून हसली.

"चुकलं न्हवं?" मडिवाळप्पा म्हणाला. "परत म्हना, बाई. जरा हळू म्हना."